सेकंदाची मोड

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला २०२५ च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी नोंदवणारं एक छोटं यंत्र बसवलं. पाणी जातं कुठे, यावर झालेल्या तीन सभांची ती कमाई. मे महिना संपल्यावर सेक्रेटरीकाकांनी यंत्रातली फाइल मला पाठवली आणि पाठोपाठ फोन केला. “अहो, हे यंत्र गंडलंय. मे महिन्यात टाकीत थेंब आला नाही म्हणतंय. सगळं पाणी म्हणे २१ जानेवारी १९७० ला आलं. तेव्हा ही बिल्डिंगच काय, समोरचा रस्तासुद्धा नव्हता!”

फाइल उघडली. काका म्हणत होते ते खरं होतं. हजारो नोंदी, आणि एकूण एक नोंद २१ जानेवारी १९७० ची, सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा या वेळातली. पाऊण तासात टाकी कितीतरी वेळा भरली होती आणि तितक्याच वेळा रिकामी झाली होती. काकांनी यंत्र परत करायची तयारी चालवली होती. मी म्हटलं, थांबा, यंत्राचं काही चुकलेलं दिसत नाही.

संगणकाच्या दुनियेत काळ मोजायची एक रूढ रीत आहे. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडची पहाटे साडेपाचची वेळ, हे शून्य धरायचं आणि तिथून सेकंद मोजत राहायचं. २०२५ च्या मे महिन्यात हा आकडा १७४ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला होता. आमचं यंत्र असे दहा अंकी आकडे इमानदारीत लिहीत होतं. मात्र ज्या प्रणालीत मी फाइल उघडली, तिला हे आकडे मिलिसेकंद वाटले. १७४ कोटी सेकंद म्हणजे पंचावन्न वर्षं. १७४ कोटी मिलिसेकंद म्हणजे वीस दिवस आणि काही तास. सगळा हिशेब म्हणून १ जानेवारीपासून वीस दिवस पुढे जाऊन २१ जानेवारीला थबकला. एका अख्ख्या दिवसाचे ८६,४०० सेकंद आकसून ८६.४ सेकंदांएवढे झाले आणि मे महिन्याचे एकतीस दिवस पाऊण तासात मावले. प्रत्येक आकड्यापुढे तीन शून्यं दिली आणि मे महिना परत आला.

उलटीही चूक होते. तेरा अंकी मिलिसेकंदांचा आकडा सेकंद समजून वाचला, तर तारीख निघते सत्तावन्न हजार आणि काहीशे या सालातली. ती चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच डोळ्यांवर येते.

सेकंदाचे मिलिसेकंद करणं म्हणजे नोटेची मोड घेणं. शंभराची नोट दिली आणि रुपयाची नाणी घेतली तर हातात शंभर नाणी येतात. ऐवज तोच, नग वाढले. मोड जितकी बारीक, तितके नग जास्त. पुतणीचा गृहपाठ घेताना मला हे नव्याने कळलं. प्रश्न होता, अडीच सेकंद म्हणजे किती मायक्रोसेकंद. तिने दहा लाखांनी भागलं होतं. का, तर “मायक्रो लहान ना काका, मग उत्तरही लहान यायला हवं.” चूक अगदी समंजस आहे. तिला विचारलं, अडीच रुपयांचे पैसे किती? क्षणात म्हणाली, अडीचशे. मग पैसा रुपयापेक्षा लहान असून आकडा मोठा कसा झाला? तिने खोडरबर उचललं. अडीच सेकंद म्हणजे पंचवीस लाख मायक्रोसेकंद.

मोडीचा दर सगळीकडे हजाराचा. सेकंदाचे हजार मिलिसेकंद, मिलिसेकंदाचे हजार मायक्रोसेकंद, त्याचे हजार नॅनोसेकंद, पुढे पिको, फेम्टो, अॅटो. प्रत्येक पायरीला दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे सरकवायचं, परत वर चढताना तीन घरं डावीकडे. ०.३५ सेकंद म्हणजे ३५० मिलिसेकंद, म्हणजे ३,५०,००० मायक्रोसेकंद. गणित इथे संपलं. चौथीतल्या मुलालाही जमेल. तरी माणसं चुकतात, मोठमोठी यंत्रं बनवणारी माणसंही चुकतात. त्याकडे येईनच.

त्याआधी एक खटकणारी गोष्ट. सेकंदाच्या वर साठाचा कारभार आहे. साठ सेकंदांचं मिनिट, साठ मिनिटांचा तास. सेकंदाच्या खाली उतरलं की अचानक हजाराचा. असं का?

साठाचं मूळ बाबिलोनी गणितात आहे. ‘मिनिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पहिला बारीक भाग’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला आणि ‘सेकंद’ हा ‘दुसरा बारीक भाग’ यावरून. पहिली फोड, दुसरी फोड. मग तिसरी का नाही? होती की. इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनी या खगोलविदाने अमावास्यांच्या वेळा मांडताना तास, मिनिटं, सेकंद आणि त्याखाली साठाच्याच हिशेबात तिसरी, चौथी फोड वापरली आहे. हे अंश कागदावरचे होते, ते मोजून दाखवील असं घड्याळ कुठेच नव्हतं. सेकंदाच्या आतलं प्रत्यक्ष मोजता यायला लागलं तोवर दशमान पद्धत रुळली होती. म्हणून सेकंदावर हद्द पडली. वरच्या अंगाला बाबिलोनचा कायदा, खालच्या अंगाला दशमानाचा. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या लोकांनी १७९३ मध्ये वरचा कायदाही मोडून पाहिला. दहा तासांचा दिवस, शंभर मिनिटांचा तास, शंभर सेकंदांचं मिनिट. दोन वर्षांतच तो नाद सोडावा लागला.

आपल्याकडे मात्र साठाची साखळी तळापर्यंत एकसलग होती. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं, म्हणजे चारशे मिलिसेकंदांचं. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवत, ती बुडाली की घटका भरली. जुन्या पंचांगात तिथी कधी संपते ते घटका-पळांत दिलेलं असे, सूर्योदयापासून मोजून. १३ घटका ४० पळं असं लिहिलं असेल तर १३ गुणिले २४, म्हणजे ३१२ मिनिटं, आणि ४० पळांची १६ मिनिटं. एकूण ३२८ मिनिटं, सूर्योदयानंतर पाच तास अठ्ठावीस मिनिटं. माझी आजी हे तोंडी करायची. तिची युक्ती सोपी होती. अडीच घटकांचा एक तास, अडीच पळांचं एक मिनिट. दोन्हीकडे अडीचच, कारण साखळी दोन्हीकडे साठाचीच. सेकंदाच्या खाली उतरताना असा सोयीचा अडीचकी धागा मिळत नाही.

विपळ म्हणजे नक्की किती, हे क्रिकेटवरून सांगता येतं. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला चाळीस मीटर जातो. गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत साधारण अठरा मीटर. वाटेत टप्पा पडून वेग कमी होतो ते सोडून दिलं, तर ४५० मिलिसेकंद लागतात. विपळाहून किंचित जास्त. तेवढ्यात चेंडू बघायचा, ओळखायचा आणि बॅट आणायची.

विपळाच्याही खाली आपले ग्रंथकार उतरले होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त निमिषाचे तीस भाग केले, त्यातल्या एकाला तत्पर म्हटलं आणि तत्पराच्या शंभराव्या भागाला त्रुटी. त्यांच्या कोष्टकाप्रमाणे वरून खाली गुणाकार केला तर निमिष येतं सुमारे ८९ मिलिसेकंदांचं आणि त्रुटी सुमारे तीस मायक्रोसेकंदांची. भागवत पुराणातलं कोष्टक वेगळं आहे. त्यातलं निमिष सुमारे ४२७ मिलिसेकंदांचं येतं आणि त्रुटी जवळजवळ अर्ध्या मिलिसेकंदाची. नाव तेच, पण एकीच्या पोटात दुसरी सोळा वेळा मावेल. आपल्याकडे नॅनोसेकंदापर्यंत सगळं आधीच मोजलं होतं, अशा छापाचे संदेश फिरत असतात, ते वाचताना कुठल्या ग्रंथातली त्रुटी, हे आधी विचारावं. भागाकार करून नाव देणं वेगळं आणि मोजणं वेगळं. गंमत अशी की निमिष म्हणजे डोळ्याचं पातं लवायला लागणारा वेळ, आणि आज मोजला तर तो साधारण शंभर ते चारशे मिलिसेकंद भरतो. एका ग्रंथाचं निमिष या पल्ल्याच्या जरा अलीकडे आणि दुसऱ्याचं जरा पलीकडे.

मला स्वतःला नुसत्या शून्यांनी काही उमगत नाही. वेळ अंतरात बदलली की उमगते. आपण बोलतोही तसंच. गाव किती लांब, तर एसटीने दोन तासांवर. सेकंदाच्या तुकड्यांनाही हीच पट्टी लावून बघावी.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाची वेळ होती ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. फरक सेकंदाचा शंभरावा भाग. सुटे केले तर दहा मिलिसेकंद, विपळाचा चाळिसावा हिस्सा. पूर्ण शर्यतीचा सरासरी वेग सेकंदाला सव्वासात मीटर धरला, तर हे अंतर भरतं सात सेंटिमीटर. आपला पंजा आडवा धरून अंगठा सोडून चार बोटं मोजा. पदक तेवढ्याने गेलं. दहा मिलिसेकंद ऐकून काही होत नाही, चार बोटं बघून होतं.

आता ती मोठी चूक. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री इराकने सोडलेलं स्कड क्षेपणास्त्र सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. अठ्ठावीस सैनिक गेले. ते क्षेपणास्त्र अडवण्यासाठी तिथे पेट्रियट नावाची यंत्रणा सज्ज होती, पण तिने प्रतिहल्लाच केला नाही. चौकशीत कारण निघालं ते वेळेच्या रूपांतराचं.

यंत्रणेचं अंतर्गत घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचं. टिक, टिक, टिक, सेकंदाला दहा. गणितासाठी सेकंद हवे असत, म्हणून टिकांची संख्या ०.१ ने गुणली जायची. बिनचूक वाटतं ना? अडचण अशी की संगणक दोनच अंक जाणतो आणि दोन अंकांच्या पद्धतीत एक दशांश हा आकडा कधी संपतच नाही. एक रुपया तीन भावांत वाटायला गेलं की तेहेतीस पैसे, तेहेतीस पैसे, तेहेतीस पैसे आणि एक पैसा कुणाचाच नाही, तसं. यंत्रणेच्या त्या कप्प्यात चोवीस घरं होती. चोवीस घरांत मावला तेवढा आकडा ठेवला, बाकीचं शेपूट कापलं. कापलेलं शेपूट होतं सुमारे ०.०००००००९५ सेकंदाचं, म्हणजे दर टिकेमागे ९५ नॅनोसेकंद. कोण विचारतो?

पण ती यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांचे ३ लाख ६० हजार सेकंद, टिका ३६ लाख. ३६ लाख गुणिले ९५ नॅनोसेकंद म्हणजे ०.३४ सेकंद. स्कडचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त. म्हणजे क्षेपणास्त्र जिथे असायला हवं म्हणून यंत्रणा बघत होती, तिथून ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे निघून गेलं होतं. तिथे आकाश रिकामं दिसलं, म्हणून यंत्रणा गप्प राहिली. सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट ही की चूक आधीच लक्षात आली होती आणि सुधारलेली प्रणाली धाहरानला पोचलीही, दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला. यंत्रणा अधूनमधून नुसती बंद करून चालू केली असती तरी साठलेली चूक शून्यावर आली असती.

नॅनोसेकंद हातात धरता येतो, हे दाखवून दिलं ग्रेस हॉपर या अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ बाईंनी. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. मोड केली तर एका नॅनोसेकंदात जेमतेम तीस सेंटिमीटर, शाळेतल्या कंपासपेटीशेजारी ठेवतो त्या पट्टीएवढं. हॉपरबाई भाषणाला जाताना तारेचे तेवढ्या लांबीचे तुकडे कापून न्यायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या. हा घ्या तुमचा नॅनोसेकंद. मायक्रोसेकंद दाखवायला तारेचं अख्खं वेटोळं काढायच्या, जवळजवळ तीनशे मीटरचं. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका वेळ का लागतो, असं एखाद्या अॅडमिरलने विचारलं, तर इथून उपग्रहापर्यंत असले तुकडे किती लावावे लागतील, हे सांगायची सोय झाली. पुढे पिकोसेकंद आले तेव्हा त्यांनी मिरपुडीच्या पुड्या वाटायला सुरुवात केली. पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो, मिरपुडीच्या कणाएवढा. याहून चांगलं अध्यापन मी पाहिलेलं नाही.

ही पट्टी रोज आपल्या खिशात असते. मोबाइलवरचा नकाशा आपण कुठे आहोत ते ओळखतो ते उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना किती वेळ लागला, यावरून. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की जागेत तीनशे मीटरची चूक होते, आपण या चौकात आणि नकाशावरचा ठिपका पुढच्या चौकात. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतावादाच्या नियमाने जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हिशेब आधीच जुळवून ठेवलेला असतो म्हणून बरं. नाहीतर एका दिवसात अकरा किलोमीटरची तफावत पडली असती. इस्रोच्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांवरही अशीच अणुघड्याळं आहेत.

आकाशातही एक मिलिसेकंदांत चालणारं घड्याळ आहे आणि ते सापडलं त्यात कुरुंदवाडला जन्मलेल्या एका माणसाचा वाटा आहे. १९८२ मध्ये डॉन बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या दुर्बिणीतून एक असा स्पंदक तारा शोधला, जो स्वतःभोवती सेकंदाला ६४२ फेऱ्या मारतो. श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा बर्कलेला पीएच. डी. करत होते, या शोधात ते होते. एक फेरी १.५६ मिलिसेकंदांची. आपल्या स्वयंपाकघरातलं मिक्सरचं पातंही एवढ्या वेगाने फिरत नाही. हा तारा मिनिटाला ३८ हजारांहून जास्त फिरतो, आणि वजन सूर्याएवढं. असे तारे इतके नियमित फिरतात की त्यांच्या ठोक्यात मायक्रोसेकंदाहून लहान फरक पडला तरी त्याला काही कारण असलं पाहिजे. नारायणगावजवळ खोडदची महाकाय दुर्बीण, तिच्या तीस तबकड्यांसह, हेच ठोके टिपत असते. ठोक्यांतल्या अशा फरकांवरूनच २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीच्या खुणा मिळाल्याची घोषणा झाली, त्यात खोडदच्या नोंदीही होत्या.

पिकोच्या खाली मी फार रमत नाही, पण नावांची एक गंमत सांगायलाच हवी. फेम्टो म्हणजे सेकंदाचा १ वर १५ शून्यं इतका भाग आणि अॅटो म्हणजे १ वर १८ शून्यं इतका. ही नावं डॅनिश भाषेतल्या पंधरा आणि अठरा या आकड्यांवरून घेतली आहेत. म्हणजे नावातच शून्यं मोजून ठेवली आहेत. आपल्याकडेही त्या आकड्यांना नावं होती. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’तल्या यादीप्रमाणे १ वर १५ शून्यं म्हणजे अंत्य आणि यादी संपते ती १७ शून्यांच्या परार्धावर. सेकंदात अॅटोसेकंद किती, तर दहा परार्ध. यादीच्या बाहेर. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं धरलं तर त्याचे सेकंद सव्वाचार परार्धांच्या आसपास येतात. एका सेकंदात मावणारे अॅटोसेकंद त्याच्या दुपटीहून जास्त. अणूमधल्या इलेक्ट्रॉनची हालचाल याच पातळीवर चालते. ती टिपता येईल इतक्या आखूड प्रकाशझोतांसाठी २०२३ चं भौतिकीचं नोबेल पियेर अगोस्टिनी, फेरेंस क्राउस आणि अॅन लुइये यांना मिळालं.

इतकी मोड करता करता खुद्द सेकंदाची कुळकथाच उलटली. पूर्वी दिवस हा ऐवज होता आणि त्याचे ८६,४०० भाग केले की सेकंद मिळायचा. १९६७ पासून उलटं आहे. सीझियमच्या अणूतून निघणाऱ्या विशिष्ट लहरींची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं मोजली की एक सेकंद पुरा होतो. एक आंदोलन सुमारे १०९ पिकोसेकंदांचं. म्हणजे नोट मोडून चिल्लर घेण्याऐवजी आता चिल्लर मोजून नोट बनवतात. आणि अशा नोटा रचत गेलं की पृथ्वीच्या दिवसाशी हिशेब अगदी तंतोतंत जुळत नाही, कारण पृथ्वी फिरते ती थोडी कुचराई करत, शतकामागे दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबवत. ही साठलेली थकबाकी १९७२ पासून सत्तावीस वेळा एकेक जादा सेकंद घालून फेडली गेली. शेवटची फेड २०१६ च्या वर्षअखेरीची. ग्रिनिचच्या मध्यरात्री ती झाली, म्हणून आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. पाच वाजून एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद झाले, मग साठावा सेकंद झाला, आणि मगच साडेपाच वाजले.